प्रेस सातच्या स्क्रीनवरचं नाव

थेरगाव,
३ मार्च २०२५

आदरणीय सुखदा मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. माझे पती भागवत रंगराव घोलप तुमच्या कंपनीच्या चाकण प्लांटमध्ये कंत्राटी हेल्पर होते. पत्रे दाबून गाड्यांचे भाग बनवणाऱ्या मोठ्या यंत्रांच्या, म्हणजे प्रेस शॉपमध्ये सगळे त्यांना बंटी म्हणायचे. ६ फेब्रुवारीला सकाळी ते प्रेस क्रमांक सातच्या आत साचा पुसत होते, आणि प्रेस चालू झाली. ते गेले.

कंपनीने आम्हाला एक कागद दिला आहे. त्यात लिहिलंय की मयत व्यक्ती कोणालाही न सांगता, विनापरवानगी यंत्रात शिरली होती. मॅडम, हा माणूस गॅसची शेगडी बंद आहे का हे तीनदा बघायचा. कंपनीच्या बसमधून फोन करून पुन्हा विचारायचा, "दिव्या, खालून सिलेंडर बंद केलास ना?" मी त्यांना भित्री भागूबाई म्हणून चिडवायची. असा माणूस न सांगता प्रेसमध्ये शिरेल?

माझे सासरे बीडहून आले आहेत. त्यांच्या हातात तो कागद पडल्यापासून ते नीट जेवलेले नाहीत. गावाकडे बातमी पोचली की पोरगं आगाऊ होतं, आगाऊपणा नडला. सासरे मला सारखं म्हणतात, "आसं माझं लेकरू न्हाई गं." मला माहीत आहे. पण माझं कोण ऐकणार?

ज्यांच्या हाताखाली हे काम करायचे ते फिटर सुरेंद्रकाका दहाव्याला आले होते. मान खाली घालून बसले. जाताना दारात एवढंच म्हणाले, "मला काही बोलता येणार नाही पोरी. पण प्रेसच्या स्क्रीनवर त्या वेळी काय आलं होतं, ते चिंचवड ऑफिसच्या सुखदा मॅडमना विचार. स्क्रीनवरची वाक्यं त्या लिहितात." मी तीनदा फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. म्हणून हे पत्र.

मला पैशाचं काही विचारायचं नाही. प्रेस चालू करण्याआधी स्क्रीनवर काय लिहून आलं होतं, आणि त्यात माझ्या नवऱ्याचं नाव होतं का, एवढंच सांगा.

आपली नम्र,
दिव्या घोलप

---

चिंचवड,
१२ मार्च २०२५

श्रीमती दिव्या घोलप यांस,

स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. झालेल्या घटनेबद्दल मला मनापासून दुःख आहे.

प्रकरणाची चौकशी चालू असल्याने मला फारसे काही लिहिता येत नाही. आपण विचारले आहे म्हणून एवढेच कळवते, की त्या दिवशी यंत्रणेत कोणताही बिघाड नव्हता. प्रेस दुरुस्तीसाठी बंद असताना कोणी ती चालू करायला गेले, तर यंत्रणा नकार देते आणि कारण दाखवते. प्रेस क्रमांक सातवर तसा संदेश आला होता. त्यात प्रेसचा क्रमांक होता, वेळ होती आणि नावही होते. तो वाचूनच पुढचा निर्णय घेण्यात आला.

याहून अधिक माहितीसाठी कृपया मनुष्यबळ विभागाशी संपर्क साधावा.

आपली,
सुखदा

---

थेरगाव,
१७ मार्च २०२५

प्रिय सुखदाताई,

ताई म्हटलं, रागवू नका. तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. मग मामांना, म्हणजे सासऱ्यांना, वाचून दाखवलं. त्यांनी मला थांबवलं आणि ती ओळ पुन्हा वाचायला लावली. "नाव व्हतं? स्क्रीनवर?" मी म्हटलं, होतं मामा, मॅडमनी स्वतःच्या हाताने लिहिलंय.

त्या दिवशी ते पोटभर जेवले. पहिल्यांदा. संध्याकाळी खाली जाऊन शेजारच्या सुमनताईंना, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला, दिसेल त्याला सांगून आले की माझ्या पोराचं नाव कंपनीच्या कॉम्प्युटरवर आलं होतं, तो सांगूनसवरून आत गेला होता. गावाकडे फोन लावले. चुलत भावाला तर चांगलंच झापलं. "आगाऊ म्हणत व्हता न्हवं? आता बोल." बऱ्याच दिवसांनी त्यांच्या आवाजात जीव आला.

मला मात्र आता वेगळाच राग येतोय. नाव समोर दिसत असताना प्रेस चालू कशी केली? लाइनचे इनचार्ज क्षितिज सर म्हणून आहेत, त्यांनीच लॉक काढलं असं ऐकलं. माझा नवरा आत आहे हे त्यांनी वाचलं आणि तरी बटण दाबलं? माणूस एवढा कसा निर्दयी असेल?

ताई, ते वाक्य जसंच्या तसं मला लिहून पाठवाल का? मामा म्हणतात, लेबर ऑफिसातल्या चौकशीच्या दिवशी साहेबासमोर ठेवू. मला ते माझ्यासाठी पण हवंय. शेवटच्या वेळी त्यांचं नाव तिथे लिहिलेलं होतं. कोणालातरी माहीत होतं की ते आत आहेत. एवढ्यावरसुद्धा मला आज झोप लागेल असं वाटतंय.

तुमचे उपकार विसरणार नाही.

तुमची,
दिव्या

---

चिंचवड,
९ एप्रिल २०२५

दिव्याताई,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लावले. ते पत्र माझ्या पर्समध्ये होतं. ऑफिसला नेत होते, परत आणत होते. माझं पहिलं पत्र मी निमिष सरांना, म्हणजे माझ्या मॅनेजरना, दाखवून पाठवलं होतं. हे दाखवलेलं नाही.

तुमचा गैरसमज झाला आहे, आणि तो माझ्यामुळे झाला आहे. स्क्रीनवर नाव होतं. पण ते भागवतरावांचं नव्हतं. सुरेंद्रकाकांचं होतं.

वाक्य असं होतं: "प्रेस क्रमांक ७ बंद ठेवली आहे. सुरेंद्र काम करत आहेत. सकाळी ९.४० पासून."

आता सगळं सांगते. तीन वर्षांपूर्वी आमच्या यंत्रणेत काहीही अडलं की स्क्रीनवर एकच वाक्य यायचं, "ही क्रिया करता येत नाही." बस. काय अडलं, कुठे, कोणामुळे, काही नाही. प्लांटमधून दिवसाला वीस वीस फोन यायचे. लोक वैतागून शिव्या घालायचे. मग मी ठरवलं की प्रत्येक संदेश नीट बोलला पाहिजे. वाक्य एकदाच लिहायचं, त्यात रिकाम्या जागा ठेवायच्या, आणि वेळ येईल तेव्हा डेटाबेस त्या जागांत खरी माहिती भरेल. यंत्राचा क्रमांक, माणसाचं नाव, वेळ. शाळेत गाळलेल्या जागा भरायचो ना, तसंच. अशी दोनशे दहा वाक्यं मी लिहिली. फोन बंद झाले. वार्षिक कार्यक्रमात माझा सत्कार झाला, शाल दिली. मला फार अभिमान होता हो त्या वाक्यांचा.

प्रेस दुरुस्तीला घेताना फिटर आपलं कार्ड लावून ती लॉक करतो. नाव त्या कार्डावरून येतं. कंत्राटी माणसांना कार्ड नाही, आणि आमच्या यादीत त्यांची नावंही नाहीत. ती कंत्राटदाराच्या वहीत असतात. हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. म्हणून मी तेव्हा आणखी एक जागा ठेवली होती, "आत असलेली व्यक्ती". नाव सापडलं नाही की तिथे "अज्ञात" असं येई. एकदा बाहेरचे तपासनीस आले. स्क्रीनवर "आत असलेली व्यक्ती: अज्ञात" असं झळकलं. निमिष सर माझ्यावर उखडले. "कंपनीच्या प्रेसमध्ये अज्ञात माणूस? हे कसं दिसतं? ती जागा काढ, कार्डवाल्याचं नाव पुरे."

मी काढली. अर्ध्या तासाचं काम होतं. जेवायच्या सुट्टीआधी संपवलं. मी एकदाही म्हटलं नाही की सर, त्यापेक्षा त्यांची नावं यादीत घेऊ या. म्हणायला हवं होतं. माझ्या मनात आलं होतं, आणि मी ते मनात ठेवलं.

६ फेब्रुवारीला काय झालं ते मी नोंदी बघून आणि सुरेंद्रकाका व क्षितिज या दोघांशी बोलून जुळवलं आहे. सुरेंद्रकाकांनी कार्ड लावून प्रेस लॉक केली, भागवतरावांना साचा पुसायला आत पाठवलं, आणि ते बाटली भरायला कूलरकडे गेले. प्रेस शॉपची रीतच आहे ती. कार्ड फिटरचं, आत जाणार हेल्पर. क्षितिज नवा आहे, त्याला ती रीत नीट माहीत नव्हती. त्याने बटण दाबलं, प्रेसने नकार दिला, वाक्य आलं. सुरेंद्र काम करत आहेत. त्याने मान वर केली, तर सुरेंद्रकाका समोर पंधरा पावलांवर पाणी भरत उभे. त्याला वाटलं काम संपलं, काका लॉक काढायला विसरले. त्याने स्वतःच्या अधिकारात लॉक काढलं.

तो निर्दयी नाही. त्याने माझं वाक्य वाचलं आणि त्यावर विश्वास ठेवला. दिव्याताई, ते जुनं मुकं वाक्य असतं ना, "ही क्रिया करता येत नाही", तर तो चिडून उठला असता, प्रेसपाशी गेला असता, आत डोकावला असता. मी त्याला एवढी नीट माहिती दिली की त्याला उठावंसंच वाटलं नाही.

 मामांना काय वाटेल याचा विचार करून मी तीन आठवडे गप्प बसले. तुम्ही पत्र फाडलंत तरी मला मान्य आहे.

सुखदा

---

थेरगाव,
१३ एप्रिल २०२५

मॅडम,

पत्र फाडलं नाही. ठेवलंय.

सुरेंद्रकाकांकडे गेले होते. सगळं खरं आहे म्हणाले. कंपनीने त्यांच्याकडून सही घेतली आहे की मी एकटाच काम करत होतो, कोणालाही आत पाठवलं नव्हतं. दोन वर्षं राहिलीत त्यांची निवृत्तीला. खूप रडले. मी पाणी दिलं आणि निघून आले. रडायचं होतं मला, आणि रडून मोकळे झाले ते.

मामांना काही सांगितलेलं नाही. ते रोज तुमचं पहिलं पत्र उशाशी घेऊन झोपतात. वाचता येत नाही त्यांना, पण ती ओळ माझ्याकडून दाखवून घेऊन तिच्याखाली पेनने रेघ मारून ठेवलीय.

तुम्ही मला खरं सांगितलंत, पण एकटीला सांगितलंत. ते मी घेऊन कुठे जाऊ? चौकशी २७ मेला आहे. हेच सगळं तुम्ही तिथे लिहून द्याल का? माझा नवरा कामावर होता, त्याला आत पाठवलं होतं, आणि त्याचं नाव कुठे येऊच नये अशी सोय केलेली होती. द्याल, तर मला उत्तर लिहा. देणार नसाल, तर लिहू नका. "दुःख आहे" असं तर अजिबात लिहू नका.

दिव्या घोलप

---

चिंचवड,
२१ एप्रिल २०२५

दिव्याताई,

दिलं. सही करून, तारीख घालून, वाक्य आधी कसं होतं आणि नंतर कसं बदललं त्याच्या नोंदींसकट. प्रत सोबत जोडली आहे. निमिष सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. त्यांना काय वाटतं ते त्यांनी सांगितलं, मला काय वाटतं ते मी सांगितलं. एक तारखेपासून मी तिथे नाही. हे तुम्हाला मोठेपणा म्हणून कळवत नाही. पत्ता बदलणार नाही, एवढंच.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायलाच हवी. माझं म्हणणं चौकशीत मोठ्याने वाचलं जाईल. मामा तिथे असतील. स्क्रीनवर कोणाचं नाव होतं हे त्यांना सगळ्यांसमोर कळेल. त्याआधी कोणीतरी सांगायला हवं. तुम्ही म्हणाल तर मी थेरगावला येते आणि स्वतः सांगते. तो भार माझा आहे.

सुखदा

---

थेरगाव,
८ जून २०२५

सुखदाताई,

तुम्ही येते म्हणालात, मी नको म्हटलं नाही आणि या असंही लिहिलं नाही. मीच सांगीन, असं रोज ठरवायची. रोज राहून जायचं. सकाळी मामा चहा घेताना खुश दिसायचे, मग वाटायचं, आजचा दिवस जाऊ दे. असं करत करत चौकशीचा दिवस उजाडला.

शेवटी बसमध्ये सांगितलं. डांगे चौकातून बस सुटली, दोघांना बसायला जागा मिळाली, आणि मी एका दमात सगळं बोलून टाकलं. नाव त्यांचं नव्हतं मामा, सुरेंद्रकाकांचं होतं. मला वाटलं चिडतील, मला बोलतील. दोन-तीन स्टॉप गेल्यावर त्यांनी पिशवीतून तुमचं ते पत्र काढलं, रेघ मारलेली ओळ बघितली, परत घडी घातली. मग म्हणाले, "म्हंजी आत माझं लेकरू हाय, हे कुणालाच ठावं नव्हतं?"

सुरेंद्रकाकांना होतं, असं मी म्हटलं.

"त्यो तर पाणी भरत व्हता," मामा म्हणाले.

चौकशीत तुमचं म्हणणं वाचलं. तुम्ही मागच्या बाकावर होतात, मी पाहिलं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात आणि मी मुद्दाम बघितलं नाही. नंतर सुरेंद्रकाका स्वतः उठून पुढे गेले हे तुम्हीही पाहिलंत. "मी सही केली ती खोटी आहे साहेब, बंटीला मीच आत पाठवलं." साहेबांनी विचारलं, "बंटी कोण?" तेव्हा काकांना नाव आठवेना. सात वर्षं एका पाळीत काम केलं त्यांनी, एका डब्यात जेवले. मामा बसल्या जागेवरून ओरडले, "भागवत! भागवत रंगराव घोलप!" सगळे वळून बघायला लागले. मामा थांबेचनात. गावाचं नाव, तालुका, आजोबांचं नाव, सगळं सांगितलं. मी त्यांचा हात धरून खाली बसवलं.

परवा आदेशाचा कागद आला. त्यात लिहिलंय की मयत कर्तव्यावर असताना, वरिष्ठांच्या सूचनेवरून यंत्रात गेला होता. नाव पूर्ण आणि बरोबर लिहिलंय. जे मला हवं होतं ते मिळालं, ताई. आणि मिळाल्यावर मला काहीच वाटलं नाही. कागद हातात घेऊन मी शेगडीपाशी तशीच उभी राहिले. आता ह्याचं काय करायचं, तेच कळेना.

क्षितिज सर येऊन गेले. चोवीस-पंचवीसचे असतील. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. मी त्यांना तुमच्या पत्रातलं सांगितलं, की तुम्ही वाचलंत ते बरोबरच वाचलंत. ते म्हणाले, "वहिनी, पंधरा पावलं तर होती." एवढंच बोलून गेले. मला त्यांचा राग करायचा होता. जमला नाही.

तुमचा राग आहे. खोटं कशाला सांगू? तुम्ही नोकरी सोडलीत, भर चौकशीत सगळं मान्य केलंत, तरी आहे. कधी एकदम वाटतं, तुम्हाला फोन करावा आणि नुसतं रडावं. कधी वाटतं, ती अर्ध्या तासाची गोष्ट आठवून तुम्हालाही माझ्यासारखी झोप लागू नये. दोन्ही खरं आहे. सुमनताई म्हणतात, वेळ जाऊ दे. बघू.

मामांचं मात्र वाईट झालं. नाव स्क्रीनवर होतं असं समजत होते तोवर ते चिडलेले असायचे, भांडायचे, जेवायचे. कोणीतरी वाचून, जाणूनबुजून मारलं, ह्या रागावर ते उभे होते. तो राग मी बसमध्ये काढून घेतला. आता ते कोणाशी भांडतच नाहीत. आदेशाचा कागद दाखवला, तर "बरं" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

काल त्यांना बीडच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून माझा हात धरला आणि सोडेनात. म्हणाले, "दिव्या, त्यानं आतून हाक मारली आसंल गं. कुणी ऐकली नसंल. लहानपणी आंधाराला भ्यायचा, मलाच हाक मारायचा."

मी म्हटलं, "नाही मामा. हाक मारायला वेळच मिळाला नाही. एका क्षणात झालं, त्यांना काही कळलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी मला स्वतः सांगितलंय."

"डागदर म्हणले तसं?"

"हो."

मग त्यांनी हात सोडला. गाडी सुटली.

ताई, डॉक्टरांनी मला असं काहीच सांगितलेलं नाही. मी त्यांना विचारलंच नव्हतं.

दिव्या